मटार-मेथी खुडण्याआधी: औषधाचा अंश तपासताना

माळव्यात सध्या मटार शेंगांवर आहे, हरभरा फुलावर आणि मेथी-पालकाची खुडणी रोजची. मावठा (हिवाळी पाऊस) पडून आभाळ राहिलं की मावा ही कीड येते, घाईने फवारणी होते आणि तिसऱ्या दिवशी माल इंदूरच्या चोइथराम मंडीत. इथे हात आखडा. डब्यावर लिहिलेला काढणीपूर्व कालावधी शेवटच्या फवारणीपासून मोजा. थंडीत औषध सावकाश विघटित होतं, म्हणून त्यातला एकही दिवस कमी करू नका. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला तर भाज्यांवर 2005 पासून बंदीच आहे.

शेतकरी गटाने भाजीवरचा औषधाचा अंश तपासणारा सेन्सर घ्यायचा विचार असेल, तर आधी हे पाहा. यांतल्या अनेकांत कोलिनएस्टरेज हे एन्झाइम असतं. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली औषधं या एन्झाइमचं काम अडवतात, त्यावरून अंश कळतो. पण ऑर्गॅनोफॉस्फेट त्याला असं चिकटतं की नुसत्या पाण्याने सुटत नाही. त्यामुळे पुन्हा वापरायचा सेन्सर कंपनीने दिलेल्या द्रावणानेच धुवा. मग नमुन्याशिवाय, कोरं द्रावण लावून पाहा. रीडिंग मूळ जागी आलं तरच पुढचा नमुना घ्या, नाहीतर तुमच्या मटारचं पाप शेजाऱ्याच्या पालकाच्या माथी जाईल.

पहाटे बांधावर तपासणी नकोच. हे एन्झाइम साधारण 37 अंशांना नीट चालतं. डिसेंबरच्या गारठ्यात ते मंदावतं आणि स्वच्छ भाजीही दोषी दिसते. दुपारी, घरात तपासा. लसणाची पात, कांदा, मुळा यांचा रसच एन्झाइमला अडवतो, म्हणून ते चिरू नका, अख्खे द्रावणात बुडवून काढा.

आणि ‘साफ’ दाखवलं म्हणजे सगळं साफ, असं धरू नका. इमिडाक्लोप्रिड, सायपरमेथ्रिन ही कीटकनाशकं आणि बहुतेक बुरशीनाशकं या सेन्सरला दिसतच नाहीत. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला कायद्याने किलोमागे 0.01 मिलिग्रॅमच चालतं. इतकं बारीक मोजायला प्रयोगशाळाच हवी.

मला खरी काळजी हरभऱ्याची वाटते. घाटे अळीसाठी फवारलेल्या शेतातले शेंडे भाजीला येतात, आणि पुढे मुलं बांधावर बसून सोलाणे (ओले हरभरे) कच्चेच खातात. वारा येतो त्या बाजूच्या दोन ओळी फवारणीतून वगळा, तिथे हवं तर निंबोळी अर्क वापरा. घरची भाजी तिथूनच खुडा. अर्क मारण्याआधी तिथला पाला एकदा सेन्सरला लावून ठेवा, बाकीच्या शेताचं रीडिंग त्याच्याशीच ताडून पाहायचं आहे.