एका टाकीसाठी हलकी बीसीडी: नागपूरकराचा हिशेब

स्कूबा डायव्हिंगच्या ओपन वॉटर या पहिल्या कोर्सचं कार्ड हातात पडलं की नव्या डायव्हरचा पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, हलकी बीसीडी कोणती घेऊ?" बीसीडी म्हणजे हवेची टाकी पाठीवर धरणारं आणि आत हवा भरून-सोडून पाण्यातलं तरंगणं सांभाळणारं जॅकेट. नागपुरात बसून ती हाताळून पाहणं कठीणच, त्यामुळे सगळे मोबाइलवर किलोचा आकडा बघून ठरवतात. माझ्या मते तो आकडा अर्धाच हिशेब सांगतो.

बीसीडीचं वजन दोनदा मोजायचं, एकदा सोनेगावच्या विमानतळावरच्या काट्यावर आणि एकदा पाण्यात. जाड पॅडिंगचं जॅकेट काट्यावर साडेतीन-चार किलो भरतं. पाण्यात तेच पॅडिंग तरंगतं, मग खाली जायला शिसं जास्त बांधा. दोन्हीकडून मार. पातळ कापडाची, पाठीमागे हवा भरणारी प्रवासी बीसीडी दोन-अडीच किलोत येते आणि पाण्यातही कमी तरंगते. बॅकप्लेट-विंग (पाठीला धातूची प्लेट आणि तिच्यामागे विंग, म्हणजे हवेची पिशवी) घ्यायची तर अ‍ॅल्युमिनियमची प्लेट बघा. स्टीलची प्लेट शिशाची जागा घेते हे खरं, पण शिसं तर डाइव्ह सेंटरवर मिळतंच. ते विमानातून कशाला वाहून न्यायचं? अंदमानला जाताना देशी विमानात साधारण पंधरा किलो सामान नेता येतं, त्यात रेग्युलेटर, फिन्स, कपडे सगळं आलं. मालवणला जाणाऱ्याला ही कटकट नाही, कुडाळपर्यंत रेल्वेने जाता येतं.

आता उचल, म्हणजे लिफ्ट: पूर्ण फुगवलेली बीसीडी पाण्यात किती किलो तोलून धरते ते. इथं लोक उगाच घाबरून मोठी विंग घेतात. अकरा लिटरच्या टाकीत 200 बार दाबाला सुमारे 2200 लिटर हवा असते आणि तिचं वजन अडीच किलोच्या थोडं वर जातं. ती वापरत गेलो की टाकी हलकी होते, म्हणून डाइव्हच्या सुरुवातीला आपण तेवढे जड असतो. वर तीन मिलिमीटरचा वेटसूट खोलात दाबला जातो, त्याची तरंगण्याची ताकद घटते. त्यासाठी आणखी दोनेक किलो धरा. उबदार पाण्यात एका टाकीला दहा-बारा किलोची लिफ्ट पुरून उरते. फक्त शिसं बेल्टऐवजी बीसीडीच्या खिशात ठेवणार असाल, तर बीसीडी अंगावरून काढल्यावर भरलेली टाकी आणि शिशासकट ती एकटी तरंगते का, हे पृष्ठभागावर एकदा बघाच. मोठी विंग रिकामी असली की टाकीभोवती फडफडत राहते, हवाही कोपऱ्यात अडकून बसते. ना बाप्पा, नकोच ते.

माप घेताना बीसीडी पूर्ण फुगवा आणि खोल श्वास घ्या. छाती आवळली तर मोठी साइझ मागा. टाकीचा पट्टा एकच असेल तर तो आधी पाण्यात भिजवून मगच ताणायचा. कोरडा ताणलेला पट्टा ओला झाला की सैलावतो आणि टाकी घसरते. शक्य असेल तर दोन पट्ट्यांची घ्या.

जुनी विकत घेत असाल तर तोंडाने टच्च फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी सैल पडली तर टबात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते शोधा. बहुतेकदा डम्प व्हॉल्व्ह (हवा सोडायची झडप) किंवा इन्फ्लेटरचा (हवा भरायच्या नळीचा) सांधा निघतो, तो दुरुस्त होतो. पिशवीच भोक पडलेली असेल तर व्यवहार सोडा. आणि घरी आणल्यावर आतून गोड्या पाण्याने खळखळून धुवा, अर्धी फुगवून सावलीत टांगा. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात गच्चीवर किंवा कारच्या डिकीत तर मुळीच ठेवू नका.