धातूंचे क्षपण करणाऱ्या जीवाणूंवर काम सुरू करताना

या क्षेत्रात येणारे बरेच विद्यार्थी जीवाणू धातूंचे प्रदूषण नष्ट करतात अशी समजूत घेऊन येतात आणि ती लवकर सुटलेली बरी. सेंद्रिय प्रदूषकाचे विघटन होऊ शकते, धातूचा मात्र अणू जिथल्या तिथे राहतो. ऑक्सिजन नसलेल्या गाळात हे जीवाणू श्वसनातील इलेक्ट्रॉन फेरिक (तीन-संयुजी) लोहाला किंवा युरेनियमला देतात; असे इलेक्ट्रॉन मिळणे म्हणजेच क्षपण. पाण्यात विरघळणारे सहा-संयुजी युरेनियम त्यामुळे चार-संयुजी होऊन युरेनिनाइट या खनिजाच्या रूपात साक्यासारखे खाली बसते. अशा जीवाणूंपैकी जिओबॅक्टरची ही क्षमता १९९१ मध्ये दाखवली गेली.

सुरुवात शेवॅनेला ओनिडेन्सिस या धातू-क्षपक जीवाणूपासून करावी, असे माझे मत आहे. हा जीवाणू ऑक्सिजनमध्येही वाढत असल्यामुळे हात बसेपर्यंत तो निभावून नेतो. जिओबॅक्टरसाठी मात्र नायट्रोजन व कार्बन डायऑक्साइड भरलेल्या, जाड रबरी बुचांच्या बाटल्या लागतात आणि वाढीच्या माध्यमातील रेझाझुरिन हे दर्शक रंगद्रव्य गुलाबी झाले की ऑक्सिजन शिरल्याचे समजावे.

सर्वांत जास्त काळजी कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या बाटल्यांची, घ्यावी लागते. क्रोमियमच्या प्रयोगात तर विशेषच, कारण माध्यमातील ऑक्सिजन काढण्यासाठी घातलेले सिस्टीन, तसेच फेरस (दोन-संयुजी) लोह आणि सल्फाइड हे सारे जीवाणूंच्या मदतीशिवायच सहा-संयुजी क्रोमियमचे क्षपण करू शकतात. म्हणून जीवाणू नसलेली आणि मारलेले जीवाणू असलेली, अशा दोन्ही बाटल्या सोबत ठेवल्याखेरीज आलेखावर विश्वास ठेवू नये, तो कितीही देखणा असला तरी.

प्रत्यक्ष जमिनीतले काम समजून घ्यायचे असेल, तर अमेरिकेतील कोलोरॅडोमधील रायफल येथील प्रयोग बारकाईने अभ्यासावा. तेथील भूजलात जीवाणूंचे खाद्य म्हणून ॲसिटेट सोडल्यावर जिओबॅक्टर वाढले आणि विरघळलेले युरेनियम घटले, परंतु पुढे सल्फेटचे क्षपण करणाऱ्या जीवाणूंनी ॲसिटेट बळकावल्यावर विरघळलेले युरेनियम पुन्हा वाढू लागले. खाली बसलेले युरेनियमही ऑक्सिजन किंवा नायट्रेट पोहोचताच परत विरघळू शकते, त्यामुळे उपचार थांबल्यानंतरची देखरेख हा या कामाचाच भाग मानला पाहिजे. आर्सेनिकच्या बाबतीत तर उलटच घडू शकते, कारण ते लोहाच्या ऑक्साइडला चिकटलेले असते आणि लोहाचे क्षपण झाले की पाण्यात उतरते. एखाद्या ठिकाणी ॲसिटेट सोडण्याचा प्रस्ताव मांडण्यापूर्वी तेथील गाळातील आर्सेनिक, लोह आणि सल्फेट यांचे मोजमाप हाती असायला हवे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने भूजल-रसायनशास्त्राचा एखादा अभ्यासक्रम सुरुवातीलाच घ्यावा, असा माझा आग्रह त्यामुळेच असतो.