तारीख, रक्कम आणि एनमची स्ट्रिंग करताना या चुका टाळा

मेमरीत असलेली तारीख आणि पडद्यावर दिसणारी तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रत्येक नवा प्रोग्रामर मान डोलावून मान्य करतो आणि दुसऱ्याच दिवशी तारखेची स्ट्रिंग, म्हणजे नुसता अक्षरांचा मजकूर, करून ती डेटाबेसात भरतो. पणजी-पर्वरीच्या छोट्या कार्यालयांत लिहिले गेलेले हॉटेलांचे आणि दुकानांचे प्रोग्राम दुरुस्तीसाठी माझ्याकडे येतात, आणि त्यांतले बहुतेक दोष मूल्याची स्ट्रिंग करणाऱ्या एखाद्या ओळीतच सापडतात.

सर्वांत चिवट चूक वर्षाची आहे. जावामध्ये वर्ष छापण्यासाठी लहान वाय लिहावा लागतो. कॅपिटल वाय लिहिल्यास ‘आठवड्याचे वर्ष’ मिळते, म्हणजे ती तारीख ज्या आठवड्यात पडते तो आठवडा ज्या वर्षात मोजला जातो ते वर्ष. जवळजवळ बारा महिने दोन्हींचे उत्तर एकच येते, आणि खरा धोका तिथेच आहे.

कळंगुटच्या एका हॉटेलात २०२२ मध्ये बसवलेल्या प्रोग्राममध्ये बुकिंगची तारीख कॅपिटल वायने आणि आजची तारीख लहान वायने स्ट्रिंग केली जात होती, आणि ‘आज येणारे पाहुणे’ ही यादी या दोन स्ट्रिंग जुळवून तयार होत होती. सर्व्हरचे लोकेल, म्हणजे तारखा आणि आकडे कोणत्या देशाच्या रीतीने मांडायचे याची सेटिंग, अमेरिकी होते, ज्यात आठवडा रविवारी सुरू होतो आणि १ जानेवारी ज्या आठवड्यात येते तो नव्या वर्षाचा पहिला आठवडा मानला जातो. १ जानेवारी २०२३ हा दिवस रविवारीच आल्यामुळे त्या डिसेंबरात काहीच बिघडले नाही. २०२३ मध्ये एकट्या ३१ डिसेंबरची यादी रिकामी आली, तेव्हा रिसेप्शनने नेटवर्कला नावे ठेवली आणि पाहुण्यांची नोंद वहीत करून वेळ मारून नेली. २०२४ मध्ये मात्र २९, ३० आणि ३१ डिसेंबर असे तिन्ही दिवस पाहुणे बॅगा घेऊन दारात उभे होते, त्यांच्या हातातील व्हाउचरवर वर्ष २०२५ छापलेले होते आणि पडद्यावर एकही आगमन दिसत नव्हते. १ जानेवारीला यादी आपोआप पूर्ववत झाली, आणि मूळ प्रोग्रामरने ‘आता व्यवस्थित चालते आहे’ असे कळवून विषय मिटवला. न सापडलेला दोष गेला असे समजणाऱ्यांविषयी माझे मत काय आहे, ते लिहिण्यासारखे नाही. नंतर काम माझ्याकडे आले, मी तारखा पुढे सरकवून तपासल्या, आणि तोच कोड राहिला असता तर २०२५ मध्ये २८ डिसेंबरपासून चार दिवस यादी रिकामी राहिली असती, हे स्पष्ट झाले.

म्हणून मी तारखांची तुलना स्ट्रिंग करून कधीच करत नाही, आणि कोणताही नवा फॉरमॅट डिसेंबरचा शेवटचा आठवडा, २९ फेब्रुवारी, ३ एप्रिल आणि रात्रीचे साडेबारा यांवर चालवून पाहिल्याशिवाय पुढे देत नाही. दिवस आणि महिना यांची अदलाबदल ३ एप्रिलला उघडी पडते. साठवायची तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहावी. महिना आणि मिनिटे यांचीही गल्लत होते: जावा आणि सी शार्पमध्ये कॅपिटल एम महिना दाखवतो, तर पायथनच्या स्ट्रफटाइम या तारीख छापणाऱ्या फंक्शनमध्ये तोच मिनिटे दाखवतो. इंटरनेटवरून फॉरमॅट उचलून चिकटवणाऱ्यांनी निदान तो कोणत्या भाषेचा आहे एवढे तरी पाहावे.

सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, असेल, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदींवर आदल्या दिवसाची तारीख पडते. मध्यरात्रीनंतर बिले फाडणाऱ्या किनाऱ्यावरील व्यवसायांना हे लगेच भोवते.

रकमेच्या बाबतीत लोकेल न सांगणे ही चूक मला आळसाचीच वाटते. लोकेल सांगितले नाही, तर सी शार्प ज्या यंत्रावर चालते त्याचे लोकेल घेते, आणि जर्मन लोकेलमध्ये हजारासाठी टिंब व दशांशासाठी स्वल्पविराम छापते. अशी रक्कम स्वल्पविरामाने स्तंभ वेगळे करणाऱ्या सीएसव्ही फाइलमध्ये गेली की एका रकमेचे दोन स्तंभ होतात. दुसऱ्या प्रोग्रामने वाचायच्या फाइलसाठी इन्व्हेरियंट कल्चर (कोणत्याही देशाशी न बांधलेले ठरीव लोकेल), माणसाने वाचायच्या बिलासाठी भारतीय लोकेल, आणि दोन्ही ठिकाणी ते स्पष्ट लिहिलेले, असा माझा शिरस्ता आहे. बारा लाखांचा स्वल्पविराम लाखानंतरच पडला पाहिजे. त्यासाठी हाताने स्वल्पविराम घुसवणारे फंक्शन लिहू नये, कारण ते ऋण रकमेवर हमखास अडखळते. जावास्क्रिप्टमध्ये मराठी लोकेल दिल्यास अंक देवनागरीत येतात, जे पावतीवर शोभून दिसतात. पण तीच स्ट्रिंग पुन्हा संख्येत बदलू गेल्यास जावास्क्रिप्टला ती संख्या वाटत नाही. पायथनचे इंट हे संख्येत बदलणारे फंक्शन मात्र देवनागरी अंक विनातक्रार वाचते.

पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवू नयेत: जावास्क्रिप्टमध्ये १.००५ दोन दशांश स्थळांपर्यंत छापल्यास १.०० मिळते.

एनम म्हणजे ठरलेल्या पर्यायांची यादी, उदाहरणार्थ बुकिंगच्या स्थिती. एनमचा क्रमांक डेटाबेसात साठवला आणि पुढे कोणी यादीच्या मध्ये नवी स्थिती घातली, तर जुनी ‘रद्द’ बुकिंगे मुकाट्याने ‘निश्चित’ होऊ शकतात. जेपीए या जावाच्या डेटाबेसात नोंदी ठेवण्याच्या पद्धतीत काही सांगितले नाही तर क्रमांकच साठवला जातो. नाव साठवणे त्याहून बरे, पण मग कोडमधील ते नाव आवडले नाही म्हणून बदलता येत नाही, आणि ते तसेच ग्राहकाला दाखवणेही योग्य नव्हे. मी प्रत्येक स्थितीला एक ठरलेला छोटा संकेत देतो आणि दाखवायचा मराठी, कोंकणी वा इंग्रजी मजकूर वेगळ्या तक्त्यात ठेवतो. पायथन ३.११ मध्ये इंटएनमची (आकड्यांच्या एनमची) स्ट्रिंग करण्याची रीत बदलली आणि नावाऐवजी नुसता आकडा येऊ लागला. ज्यांनी स्ट्रिंग भाषेवर सोपवली होती, त्यांचे अहवाल अपडेटनंतर बदलले.

आणि दूरध्वनी क्रमांक ही संख्या नव्हे. गोव्याचा एसटीडी कोड ०८३२ आहे. तो पूर्णांकात ठेवला की पुढचे शून्य जाते, आणि सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली तरी जाते. फाइल उघडण्याऐवजी ती इम्पोर्ट करावी आणि त्या स्तंभाचा प्रकार टेक्स्ट निवडावा.