अपहरणाचा खटला: तपासात आणि साक्षीच्या पिंजऱ्यात या चुका टाळा

अपहरणाच्या खटल्यात आरोपी सुटला की कोर्टाबाहेर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: समोरचा वकील भारी होता, नाहीतर साक्षीदार फितूर झाला. सरकारी वकील म्हणून माझ्या टेबलावरून गेलेल्या फायली काही वेगळंच सांगतात. पहिल्या दोन दिवसांत घाईघाईनं लिहिलेल्या कागदांनीच खटला अर्धा हरलेला असतो.

सगळे जबाब एकाच साच्यातले

माझं डोकं सर्वांत जास्त फिरवणारी चूक हीच. पहिल्या साक्षीदाराचा जबाब संगणकावर टंकायचा आणि पुढच्यासाठी तीच फाइल उघडून नाव, वय, धंदा बदलायचा. मग रिक्षावाला, शिक्षिका आणि वॉचमन तिघंही 'सदर इसमाने सदर बालकास बळजबरीने' असं बोलायला लागतात. नव्या उपनिरीक्षकांना यात वेळ वाचल्यासारखा वाटतो. तो वेळ पुढे उलटतपासात व्याजासकट जातो.

एका खटल्यात क्लासबाहेरून मुलाला गाडीत कोंबून नेलं होतं. ते पाहणारी एकटीच, फुटपाथवर भाजी विकणारी एक मावशी. तिच्या जबाबात गाडीची कंपनी, मॉडेल, रंग आणि नोंदणी क्रमांक, इंग्रजी अक्षरांसकट. बचावाच्या वकिलांनी फार ताणलंच नाही. "मावशी, लिहितावाचता येतं?" "नाही हो." "मग गाडीचा नंबर?" "तो साहेबांनी घातला." वकीलसाहेब खाली बसले. पुढे व्हरांड्यात मावशी मला म्हणाली, "गाडीचं मागचं दार सुतळीनं बांधलेलं होतं, ते मी तवाच सांगितलं होतं. ते नाही लिहिलं का?" गाडीच्या जप्ती पंचनाम्यात सुतळीचा उल्लेख होता, जबाबात मात्र एक अक्षर नाही. समजा तिनं ते पिंजऱ्यात पहिल्यांदा सांगितलं असतं, तरी 'पोलिसांना हे सांगितलं नव्हतं' म्हणून ओमिशन, म्हणजे जबाबात नसलेली बाब, निघालं असतं. इतकी महत्त्वाची बाब जबाबातून गाळलेली असली की ती विसंगतीच धरली जाऊ शकते.

म्हणून माझा हट्ट असा: आधी साक्षीदाराला मध्ये न टोकता बोलू द्या, पेन खाली ठेवा. मग त्याच्याच शब्दांत लिहा. सुतळी म्हणाला तर सुतळी. गाडीचा नंबर टोलनाक्यावरून मिळाला असेल तर तो पुरावा तिथला, मावशीच्या तोंडी घालू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम 180 खाली जबाबाचं ध्वनिचित्रमुद्रणही करता येतं. साक्षीदार दबावाखाली येईल असं वाटत असेल तर कलम 183 प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब नोंदवून घ्या. आणि पोलिसांसमोरच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेऊ नये हे अजूनही सांगावं लागतं, याचं मला नवल वाटतं.

'खंडणी मागितली' एवढ्यावर थांबणं

खंडणीसाठी अपहरणाचं कलम: जुन्या दंडसंहितेचं 364-अ, आता न्याय संहितेचं 140(2). शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, त्यामुळे ते लावायची सगळ्यांनाच हौस. पण पळवलं आणि पैसे मागितले, एवढ्यानं ते कलम सिद्ध होत नाही. जिवे मारण्याची किंवा इजा करण्याची धमकी, किंवा तशी वाजवी भीती वाटेल असं वर्तन, किंवा प्रत्यक्ष इजा वा मृत्यू, यांतलं काहीतरी दाखवावं लागतं. 2021 मध्ये शेख अहमद विरुद्ध तेलंगणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नेमकं हेच सांगितलं. शाळकरी मुलाला पळवून वडिलांकडे दोन लाख मागितले होते, पण धमकी सिद्ध झाली नाही. जन्मठेप जाऊन कलम 363, म्हणजे साध्या अपहरणाखालची सात वर्षं उरली.

म्हणून बापाचा जबाब घेताना 'फोनवर धमकी दिली' असं मोघम लिहू नका. नेमके शब्द काय होते, कोणत्या नंबरवरून, किती वाजता, त्या वेळी शेजारी कोण बसलं होतं, हे विचारा. आई रडत असते, कबूल. पाणी द्या, थांबा, पण विचारा.

बाकीच्या, थोडक्यात

ओळख परेडच्या आधी आरोपीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवला, की ती परेड गेली. अटकेपासून चेहरा झाकलेला ठेवा आणि तशी नोंद स्टेशन डायरीत करा.

वयाचा पुरावा शेवटी गोळा करतात. जन्मदाखला आणि शाळेचा दाखला पहिल्याच आठवड्यात हवा. 1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्यात पालकांच्या ताब्यातून पळवण्यासाठी मुलाच्या वयाची मर्यादा 16 आणि मुलीची 18 होती, आता दोघांची 18. गुन्ह्याची तारीख पाहूनच कलम लावा.

सीडीआर (फोन कॉलच्या नोंदी) आणि सीसीटीव्हीसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र नसेल, तर तो पेन ड्राइव्ह नुसतं प्लास्टिक आहे. हे प्रमाणपत्र बंधनकारक ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा अर्जुन पंडितराव खोतकर निकाल 2020 चा आहे, तेव्हा आता 'माहीत नव्हतं' चालणार नाही. फुटेज मात्र आजच ताब्यात घ्या. कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डीव्हीआर तुमच्यासाठी थांबत नाही, जुन्यावर नवं लिहून मोकळा होतो.

आरोपी 'वस्तू काढून देतो' म्हणतो तेव्हा लिहायच्या निवेदन पंचनाम्यात त्याचा सगळा कबुलीजबाब कोंबू नका. वस्तू ज्यामुळे सापडली तेवढाच भाग कोर्टात चालतो. आणि जी जागा पोलिसांना आधीच माहीत होती ती 'दाखवून दिली' असं तर लिहूच नका.

घरच्यांनी 'पोलिसांना सांगितलंत तर पोराचा जीव जाईल' या भीतीनं उशीर केला असेल तर ते कारण फिर्यादीतच येऊ द्या. उशिरानं खटला पडत नाही, न सांगितलेल्या उशिरानं पडतो.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर

साक्षीदार इथे हुशारी करतात. प्रश्न 'गाडी पाहिली का' एवढाच असतो, उत्तर गाडी, चालक, त्याची दाढी आणि स्वतःचा संशय असं चौपदरी येतं. त्यातला प्रत्येक जादा शब्द उलटतपासासाठी चारा. दिसलं नसेल तर 'दिसलं नाही' म्हणा. आठवत नसेल तर तसं सांगा, न्यायाधीश त्यामुळे रागावत नाहीत. चिडवण्यासाठी विचारलेल्या प्रश्नावर वाद घालू नका. वकिलांकडे ऐका आणि उत्तर न्यायाधीशांकडे बघून सावकाश द्या, म्हणजे टंकलेखकालाही नीट ऐकू जातं.

तपासी अंमलदारांनी केस डायरी बघून उत्तर दिलं, तर तो भाग बचावालाही बघता येतो. घरी वाचून या.

साक्ष संपली की सही करण्याआधी नोंदवलेला मजकूर वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. चूक दिसली तर तिथल्या तिथे न्यायाधीशांना सांगा, दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन येऊ नका.