लहान कारखान्यात कुशल सीएनसी ऑपरेटर कसा घडवावा

भोसरी, अंबड किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदाराला अनुभवी सीएनसी ऑपरेटर (संगणक-नियंत्रित मशीन चालवणारा कामगार) सहसा शेजारच्या कारखान्यातून जास्त पगार देऊनच मिळतो, आणि तसाच फरक दुसऱ्याने देऊ केला की तो निघूनही जातो. हे थांबवायचे असेल, तर माणूस आपल्याकडेच घडवावा लागेल.

जाहिरात देण्यापूर्वी कामाची फोड करावी. जॉब (मशीनवर घडवायचा सुटा भाग) लावणे-काढणे व मोजमाप नोंदवणे हे काम नवखा मुलगा किंवा मुलगी लवकर शिकते. ऑफसेट देणे (माप बरोबर यावे म्हणून मशीनमध्ये दुरुस्तीचा आकडा भरणे) आणि टूल म्हणजे कापणारे हत्यार बदलणे याला काही महिने लागतात. नवा जॉब सेट करणे, म्हणजे त्यासाठी मशीन तयार करणे, हे मात्र मुरलेल्या माणसाचेच, म्हणजे सेटरचे, काम आहे. असे असताना सर्वच जागांसाठी अनुभवाची अट घालणे म्हणजे आयटीआयतून नुकत्याच बाहेर पडलेल्या टर्नर-मशिनिस्टना आपणहून दूर लोटणे होय. जवळच्या आयटीआयच्या निदेशकांना (शिकवणाऱ्यांना) प्रत्यक्ष भेटावे, आणि निवड करताना तोंडी प्रश्नांपेक्षा उमेदवाराच्या हातात ड्रॉइंग, मायक्रोमीटर आणि एक तयार जॉब द्यावा.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना, कंत्राटी कामगार धरून, मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसे असल्यास ते ऐच्छिक आहे. करार सरकारी पोर्टलवर नोंदवावा. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, पण महिन्याला कमाल १,५०० रुपये इतका वाटा केंद्र सरकार उचलते. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार ठरत नसला, तरी सुरक्षिततेच्या तरतुदी आणि अपघाताची भरपाई त्यालाही लागू होते. त्याला वर्षभर एकाच मशीनवर उभे करून केवळ उत्पादन काढून घेणे हा अन्याय आहे, आणि त्यातून सेटर कधीच तयार होत नाही.

शिकवण्याची खरी अडचण बहुधा जुन्या सेटरपाशी असते. नवा माणूस तयार झाला की आपली गरज संपेल, अशी भीती त्याला वाटते आणि ती निराधार नाही. म्हणून शिकवण्यासाठी त्याला वेगळा भत्ता द्यावा, आठवड्यातला एक तास उत्पादनातून मोकळा करावा आणि तो तास ऑर्डर कितीही तातडीची असली तरी मोडू नये. कोणाला कोणते मशीन येते याचा तक्ता भिंतीवर लावावा, प्रत्येक टप्प्याची पगारवाढ त्यासमोर लिहावी आणि टप्पा पार झाल्याचे सेटरने जॉब मोजूनच ठरवावे. वाढ मालकाच्या मर्जीवर सोडली, तर शिकण्याची इच्छा टिकत नाही.

करार संपण्याच्या महिनाभर आधी, उमेदवार इतरत्र अर्ज करू लागण्यापूर्वीच, कायम नोकरीचा पगार त्याला लेखी कळवावा. तो बाजारभावाइतका असावा, कारण नवा माणूस पुन्हा शोधून शिकवण्यात जाणारे महिने पगारातल्या फरकापेक्षा महाग पडतात.