आउटबोर्डखालच्या फळ्या बदलण्याआधी

छोट्या शिडाच्या बोटीवर आउटबोर्डचे, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लटकवायच्या इंजिनाचे, क्लॅम्प ज्या दोन लाकडी फळ्यांवर आवळलेले असतात, त्या झिजण्यासाठीच लावलेल्या असतात. दाब आणि थरथर त्यांनी सोसायची, म्हणजे मागची फायबरची भिंत, ट्रान्सम, शाबूत राहते. आतल्या फळीवर क्लॅम्पच्या चकत्यांचे दोन खोल गोल उमटले, त्यांच्या कडेने लाकडाचे काळे तंतू सुटू लागले आणि घट्ट आवळलेलं इंजिन एका फेरीत पुन्हा हलू लागलं, की चालढकल नको. ताम्हिणीतून बोट कोकणात नेणाऱ्या पुणेकरांनी तर नकोच, आणि ट्रेलरवर इंजिन मागे लटकवून घाट उतरूही नये. ते गाडीत आडवं ठेवावं, इंधन काढून, फोर-स्ट्रोक असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या कुशीवरच.

काम मे महिन्यात उरकावं. मृग लागला की लाकूड दमट होतं आणि इपॉक्सी (दोन भाग कालवून कडक होणारं राळेसारखं रसायन) नीट धरत नाही. फळ्या मेमध्ये तयार झाल्या तर नारळी पौर्णिमेनंतर बोट निर्धास्तपणे पाण्यात घालता येते.

लाकूड आणायला धावण्याआधी ट्रान्सम तपासा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतला प्लाय भिजलेला असण्याची शक्यता मोठी. जुना बोल्ट काढल्यावर भोकातून तपकिरी पाणी आलं किंवा कुजका वास आला, तर आधी ट्रान्समची दुरुस्ती. कुजलेल्या भिंतीवर नवी फळी ठोकणं म्हणजे रोग झाकणं, आणि चार-पाच अश्वशक्तीचं इंजिनही 25 किलोच्या आसपास असतं.

लाकूड मी सागाचंच घेईन, तेही जुन्या वाड्याचं, वर्षानुवर्षं वाळलेलं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये चौकशी करा. तुकडा हातात घेतला की दोन्ही टोकं बघा: चीर नको, पांढरट भाग नको, रेषा सरळ हव्यात. मग सगळ्या अंगावरून चुंबक फिरवा. जुन्या तुळईत मोडलेला खिळा हमखास दडलेला असतो आणि सुताराच्या रंध्याचं पातं एका फटक्यात जातं. साग परवडत नसेल तर मरीन प्लाय घ्या, पण त्यावर आयएस 710 हा मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का हवा. आयएस 303, म्हणजे साध्या प्लायवर, भागवू नका. प्लायच्या उघड्या कडा पाणी पितात, त्यामुळे त्या बंद करण्याची मेहनत दुप्पट.

जाडी जुन्या फळीच्या चेपलेल्या भागावर मोजू नका, कडेला मोजा. दोन्ही फळ्या आणि ट्रान्सम मिळून होणारी जाडी क्लॅम्पच्या तोंडात बसते का, तेही पाहा. दोन सूत जास्त झालं तरी इंजिन चढत नाही. भोकांच्या जागांसाठी जुनी फळीच साचा म्हणून वापरायची, तेव्हा ती काढताना फोडू नका.

बोल्ट नव्या फळ्यांची जाडी हातात आल्यावरच बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांतून आणा. समुद्रासाठी 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील हवं. 304 आणि 316 चुंबकाने वेगळे ओळखू येत नाहीत, म्हणून डोक्यावरचा शिक्का वाचा: ए4 म्हणजे 316, ए2 म्हणजे 304. सोबत मोठे वॉशर, नायलॉनवाले नट आणि आट्यांना लावायला थोडं ग्रीस. स्टीलवर स्टील कोरडं फिरवलं तर नट मध्येच जाम होतो.

खरा जीव भोकांत घाला. लाकूड कुजायला तिथूनच सुरुवात होते. भोक बोल्टपेक्षा मोठं पाडून ते सिलिका पावडर घातलेल्या इपॉक्सीने भरायचं, कडक झालं की मधोमध बोल्टच्या मापाचं पुन्हा पाडायचं, म्हणजे बोल्टला लाकूड कुठेच शिवत नाही. ट्रान्सममधल्या भोकांनाही हेच. साग तेलकट असतो, त्याला आधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्या. पुण्याच्या मेमधल्या दुपारी इपॉक्सी वाटीतच तापून घट्ट होते, म्हणून संध्याकाळी थोडी थोडी कालवा आणि पसरट डब्यात ओता. उन्हात ती टिकत नाही, त्यामुळे वरून यूव्ही वार्निशचे हात हवेतच.

बसवायच्या दिवशी पॉलियुरेथेन सीलंट, चिंध्या, मास्किंग टेप, नट-बोल्ट आवळायचे दोन पाने आणि आतून नट धरायला एक माणूस हाताशी असू द्या. सीलंट ओलं असताना बोल्ट नुसते टेकवा, ते सुकल्यावर शेवटचे आवळा. पहिल्याच वेळी पिळलं तर सगळं सीलंट कडेने बाहेर येतं. इंजिन चढवल्यावर सुरक्षेची साखळी ट्रान्समच्या कडीला अडकवा, फळीला नव्हे. पहिल्या फेरीला पाना सोबत घ्या: नवं लाकूड थोडं बसतं, तेव्हा अर्ध्या तासाने इंजिन बंद करून क्लॅम्प आणि बोल्ट पुन्हा आवळा.