टाऊन हॉल बघायचा तर आधी पायऱ्या चढू नका

आमच्या ऑफिसात त्याला कुणीच टाऊन हॉल म्हणायचं नाही. ‘एशियाटिकच्या पायऱ्यांवर भेटू’ एवढंच. मुंबईत फोर्टात नोकरीला असताना मीही तिथे डबा खाल्लाय, इमारतीकडे पाठ करून. तुम्ही ती चूक करू नका.

दुपारी चारच्या सुमाराला जा. दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, तेव्हा उतरतं ऊन थेट खांबांवर येतं. आधी समोरच्या हॉर्निमन सर्कलच्या बागेच्या कुंपणाशी उभे राहा. इमारत पुरी झाली १८३३ साली, तेव्हा ही बाग नव्हती. मोकळं मैदान होतं. बागेतली झाडं मनातल्या मनात पुसून टाका, म्हणजे कर्नल थॉमस कूपरने एवढं ग्रीक देवळासारखं का आखलं ते कळतं. लांबून दरारा वाटावा, हाच हेतू.

आता खांब मोजा. आठ. मूळ बेत जोडीजोडीने लावायचा होता म्हणतात. पण विलायतेहून आलेले खांब इतके दांडगे निघाले, की एकेकटेच उभे केले आणि उरलेले भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला दिले. बांधकामाच्या पैशासाठी लॉटरीसुद्धा काढली होती. (तेव्हाही तिकिटं घेणाऱ्यांना खांबांशी काय देणंघेणं असणार!)

मग पायऱ्या चढा, तीस आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर मध्ये टेका, तिथे कुणी हटकत नाही. आत जायला मिळेल का, हे दारावरच विचारा. ते वाचनालय आहे, तेव्हा आवाज खाली. १८०४ साली जेम्स मॅकिंटॉशने काढलेली लिटररी सोसायटी पुढे एशियाटिक सोसायटी झाली, तिचंच हे घर.

आत एल्फिन्स्टन आणि माल्कम या गव्हर्नरांचे संगमरवरी पुतळे आहेत, चँट्रीने घडवलेले. तिथे फार रेंगाळू नका. नाना शंकरशेटांचा पुतळा शोधा. गोऱ्या साहेबांच्या सभागृहात आपल्या गिरगावचा माणूस त्याच मानाने बसवलाय, हे मला नोकरीची बारा वर्षं उलटल्यावर कळलं. सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ साली पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींना सापडलेला ठेवाही याच संस्थेकडे आहे. दांते या इटालियन कवीच्या काव्याचं जुनं हस्तलिखितही, पण ते सहज काढून दाखवत नाहीत.

बाहेर पडल्यावर सीएसएमटीहून धीमी लोकल पकडून भायखळ्याला उतरा. उरलेले खांब तिथे बघा आणि मनात जोड्या लावा.